घरसामान अमेरिकेला नेताना: मापं, याद्या आणि कस्टम्सचे कागद

मुंबई-पुण्याहून अमेरिकेत बिऱ्हाड हलवायचं ठरलं की पहिला फोन मूव्हर्सना जातो. त्याआधी घरात बसून वस्तूंची यादी करायला हवी. सामान अडकतं, दंड बसतो, विमा हाती लागत नाही, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा यादीत सापडतं. त्यातली एखादी वस्तू तिथं नकोच होती, एखादी नीट लिहिलेली नव्हती, किंवा पासपोर्टवरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं होतं.

इथं धरलेला प्रवास असा: एच-१बी, एल-१ (नोकरीचे व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर जाणारं कुटुंब, वापरलेलं घरसामान, न्हावा शेवा बंदरातून जहाजानं अमेरिका. गाडी आणि पाळीव प्राणी यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत, ते इथं घेतलेले नाहीत.

न्यायचं काय, ठेवायचं काय

जहाजानं सामान पाठवताना पैसे मोजायचे ते मुख्यतः जागेचे. त्यामुळे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही जितकी जागा खाते तितक्या भाड्यात तिथं दुसरी मिळेल का? गादी, सोफा, प्लायवूडचं कपाट, लोखंडी कपाट या कसोटीत नापास होतात. स्टीलची भांडी, पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता, पुस्तकं, गोधड्या, पैठण्या, लाकडी देव्हारा, वाद्यं या गोष्टी पास होतात, कारण त्या तिथं मिळत नाहीत किंवा मिळाल्या तरी आपल्या नसतात.

विजेच्या वस्तूंबद्दल स्पष्टच सांगायला हवं. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ; अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, पंखे यांच्या मोटरी फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लावला तरी त्या नीट चालत नाहीत. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची असल्यामुळे तो ट्रान्सफॉर्मरवर चालतो. पण ७५० वॉटच्या मिक्सरला निदान १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो ओट्यावर कायमचा ठाण मांडून बसतो. ११० व्होल्टवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर अमेरिकेत मिळतात. मिक्सर इथंच कोणाला तरी देऊन टाकावा.

सामान अगदी थोडं असेल, म्हणजे सात-आठ मोठ्या खोक्यांच्या आत, तर जहाजाच्या भानगडीत पडू नये. विमानात जास्तीच्या बॅगेचे पैसे भरावेत. कमी मालाच्या शिपमेंटला बंदरावरचे ठरावीक खर्च तेवढेच पडतात, आणि माल पोहोचायला दोन-तीन महिने लागतात ते वेगळंच.

एक वर्ष वापरलेलं म्हणजे काय

अमेरिकेत घरसामानाला ड्यूटीमाफी मिळते ती एका अटीवर: वस्तू परदेशात, म्हणजे आपल्या बाबतीत भारतात, निदान एक वर्ष तुमच्या वापरात असायला हवी, आणि ती दुसऱ्या कुणासाठी किंवा विक्रीसाठी नसावी. फर्निचर, गालिचे, भांडी, चादरी, पुस्तकं, चित्रं हे सगळं यात येतं.

या अटीत दोन सवलती आहेत. ते एक वर्ष सलग असायची गरज नाही आणि निघण्याच्या लगेच आधीचं असायचीही गरज नाही. दुसरं असं की, तुम्ही ज्या घरात राहत होता त्या घरात ती वस्तू तुमच्या वापरासाठी वर्षभर उपलब्ध असली तरी चालते. आईवडिलांच्या घरातली पितळेची भांडी, ज्यांच्यासोबत तुम्ही वाढलात, ती यात बसतात. कधीही तिथं न राहिलेल्या आत्याच्या घरून आणलेला झोपाळा बसत नाही.

खरी अडचण येते ती नवविवाहित जोडप्यांची. रुखवतातली भांडी, आहेरात आलेला डिनर सेट, लग्नासाठी केलेलं फर्निचर हे सगळं नवं असतं. ते नेता येतं, पण माफीत नेता येत नाही. यादीत त्याची वेगळी नोंद करायची, खरी किंमत लिहायची आणि लागेल ती ड्यूटी भरायची. नव्या वस्तूवर ‘वापरलेली’ असं लिहिणं ही खोटी घोषणा ठरते, आणि बंद खोक्यातला किमतीचा टॅग ती उघडी पाडतो. कपडे, अंगावरचे दागिने, प्रसाधनाच्या वस्तू यांना वर्षाची अट नाही. निघताना त्या तुमच्या मालकीच्या असल्या म्हणजे झालं. तरी सोनं, रोकड, मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट, मालमत्तेचे कागद जहाजाच्या खोक्यात कधीही घालू नयेत. अंगावरचं बरंच सोनं सोबत नेणार असाल तर निघताना विमानतळावर भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. परत येताना तेच सोनं तुमचंच आहे हे त्यावरून सिद्ध होतं.

‘राहिलेलं नंतर कुरियरनं मागवू’ हा बेत पूर्वी चालायचा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी ड्यूटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली गेली. त्यामुळे वापरलेल्या वस्तू शक्यतो एकाच शिपमेंटमध्ये जाव्यात.

देवघर, शिसवी लाकूड, पोथ्या, तंबोरा

मराठी घरातल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या वस्तू नेमक्या कायद्याच्या कात्रीत सापडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती, भांडं, चित्र, कोरीवकाम ‘पुरावस्तू’ ठरतं. हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, ती पिढीजात आपलीच असली तरीही. पणजोबांच्या हातच्या पोथ्या, देवघरातले जुने चांदी-पितळेचे टाक, लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची जुनी रंगीत चित्रं या प्रकारात येऊ शकतात. वस्तू जुनी दिसते पण शंभरी ओलांडलेली नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. फोटो आणि मापं देऊन अर्ज करावा लागतो, तज्ज्ञ वस्तू पाहतात. याला वेळ जातो, म्हणून पॅकिंगच्या आठवड्यात सुरुवात करून उपयोग नाही. खरोखर जुनी असेल ती वस्तू इथंच नातेवाइकांकडे ठेवावी. पोथीचे उत्तम स्कॅन करून घ्यावेत.

शिसवी लाकडाचा मुद्दा फार थोड्या मूव्हर्सना नीट ठाऊक असतो. शिसव आणि शिशम ही दोन्ही डॅल्बर्जिया प्रजातीतली झाडं, आणि जानेवारी २०१७ पासून ही संपूर्ण प्रजाती ‘साइटीस’ या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंमधलं असं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर सूट आहे. छोटा देव्हारा, पाट, पोळपाट या सुटीत बसतात. शिसवी पलंग किंवा झोपाळ्याची फळी बसत नाही. तिला साइटीसचे कागद लागतात. वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्युरोच्या विभागीय कार्यालयात आधी लेखी चौकशी करावी. सागवानाला हा प्रश्न नाही. देव्हारा कशाचा आहे हे सुताराला विचारून नक्की करावं आणि यादीत फक्त ‘लाकडी देव्हारा’ असं न लिहिता ‘सागवानी देव्हारा’ असं लाकडाच्या नावासह लिहावं.

वाद्यांना मात्र सवलत आहे. डॅल्बर्जियाच्या लाकडाची तयार वाद्यं २०१९ पासून या बंधनातून वगळली आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा हा वाळलेला, आतून साफ केलेला आणि पॉलिश केलेला असतो. तो तसा दिसायला हवा, आत बिया किंवा भुसा राहिलेला नको. जास्त काळजी घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची. जुन्या तंबोऱ्यांना आणि सतारींना सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची घोडी, खुंट्या, नक्षी असते. अशी घोडी वाद्य बनवणाऱ्याकडून उतरवून साध्या पदार्थाची बसवून घ्यावी आणि त्याची पावती सोबत ठेवावी. तारा सैल कराव्यात, तंबोऱ्याला स्वतंत्र लाकडी पेटी करावी.

मुंजीतलं मृगाजिन, कुणाकडे असलेलं व्याघ्राजिन, मोरपिसं, मोरपिसांचा पंखा: यातलं काहीही पाठवू नये. पहिल्या दोन वस्तू वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. मोरपीस घरात ठेवता येतं, पण त्याची निर्यात बंद आहे. चंदनाच्या खोडाच्या निर्यातीवर बंधन आहे, सहाणेवर नाही. सहाण न्या, खोड ठेवा.

खोक्यात अजिबात नको

अन्न कोणतंही नको. तांदूळ आणि हरभऱ्यावर खास बंदी आहे. कारण खापरा भुंगा: साठवणीच्या धान्याचा नाश करणारा हा कीटक भारतात आढळतो आणि अमेरिकेचं कृषी खातं त्याला फार घाबरतं. ज्या खोक्यात एक डबा तांदूळ सापडला ते सगळं शिपमेंट उघडलं जातं. भांड्यांचे डबे पॅक करताना तळाशी राहिलेले दाणे, परडीत अडकलेली फुलं, पूजेच्या ताम्हनातल्या अक्षता हे सगळं झटकून धुऊन घ्यावं. बिया, रोपं, माती, सुपाऱ्या, नारळ नकोत. केरसुणी आणि कच्च्या बांबूचं सूपही नको.

माती हा वेगळाच विषय आहे. बागेची अवजारं, ट्रेकिंगचे बूट, सायकलची चाकं, क्रिकेटच्या बुटांचे खिळे, गणपतीच्या कुंडीखालची ताटली, सगळं पाण्यानं घासून आणि पूर्ण वाळवून ठेवावं.

कापूर ज्वालाग्राही पदार्थांच्या वर्गात येतो, त्यामुळे पूजेच्या सामानातून तो आधी काढावा. तसंच काडेपेट्या, फुलबाज्या, अत्तर, नेलपॉलिश, स्प्रे, रंगांचे डबे, पॉवर बँक, सुटे लिथियम सेल, गॅसची शेगडी. तेल-तूप बंद बाटलीत असलं तरी कंटेनरच्या उष्णतेत झिरपतं आणि शेजारच्या साड्यांची वाट लावतं. रांगोळी नेता येते, पण पांढरी पूड तपासणीत शंका उत्पन्न करते. मूळ पाकिटात ठेवून यादीत नाव लिहावं.

माप आणि भाव

जहाजाच्या भाड्याचं एकक क्युबिक मीटर, बोलण्यात ‘सीबीएम’. लांबी × रुंदी × उंची, सगळं मीटरमध्ये. ६० × ४५ × ४५ सेंमीचं मोठं खोकं ०.१२१५ सीबीएमचं होतं, म्हणजे साधारण आठ खोकी मिळून एक सीबीएम. पुस्तकांसाठी ४५ × ३० × ३० सेंमीचं लहान खोकं घ्यावं: ०.०४०५ सीबीएम. त्यात पुस्तकं भरली तरी वजन २५ किलोच्या आसपास राहतं. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरली तर ते कुणालाच उचलत नाही आणि तळ फाटतो.

एक हिशेब करून पाहू. कपडे-भांड्यांची १० मोठी खोकी म्हणजे १.२१५, पुस्तकांची ८ लहान म्हणजे ०.३२४, देव्हाऱ्याची पेटी ९० × ६० × १२० सेंमी म्हणजे ०.६४८. बेरीज २.१८७ सीबीएम. पण आकारणी होते ती पॅलेटवर (खोक्यांखाली लावायच्या चौकटीवर) रचल्यानंतरच्या बाहेरच्या मापावर, पोकळीसह. त्यामुळे बिल अडीचच्या पुढे जाईल असं धरून चालावं. मूव्हरनं ‘साधारण दोन सीबीएम’ असं म्हटलं असेल तर शेवटच्या बिलात वाद तिथूनच सुरू होतो. अंतिम माप कोण, कुठं आणि कधी घेणार हे लिहून घ्यावं.

दोन-तीन खोल्यांचं सामान नसेल तर स्वतंत्र कंटेनर लागत नाही. तुमचा माल इतरांच्या मालासोबत भरला जातो, याला ‘एलसीएल’ म्हणतात. २० फुटी कंटेनरची जागा सुमारे ३३ सीबीएम असते, प्रत्यक्षात २५ ते २८ भरते. १२-१५ सीबीएमच्या पुढे गेलात की स्वतंत्र २० फुटीचा भाव मागून तुलना करावी. स्वतंत्र कंटेनरचा मोठा फायदा असा की, दुसऱ्याच्या खोक्यातल्या तांदळामुळे तुमचा माल अडकत नाही.

भावाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. ‘प्रति सीबीएम’चा भाव फारच स्वस्त दिसतो, कारण तो अमेरिकेच्या बंदरापर्यंतचाच असतो. तिथं उतरल्यावर बंदराचं हाताळणी शुल्क, वखारीचं शुल्क, कागदपत्रांचं शुल्क, कस्टम्स एजंटाची फी आणि घरपोच वाहतूक वेगळी लागते, आणि तोवर माल त्यांच्या ताब्यात असतो. भाव मागताना हे शब्द लेखी हवेत: घर ते घर, दोन्ही बंदरांचं हाताळणी शुल्क धरून, तिकडच्या वखारीचं शुल्क धरून, कस्टम्स क्लिअरन्स धरून. यात कस्टम्सच्या तपासणीचा खर्च कुणीच धरत नाही, ते रास्त आहे. जिना चढवायचे, अपार्टमेंटपर्यंत मोठा ट्रक न गेल्यास लहान गाडीचे, खोकी उघडून कचरा नेण्याचे पैसे आहेत का, हेही विचारावं. अमेरिकेतला भागीदार कोण आहे हे विचारून त्याच्याकडे फेडरल मेरिटाइम कमिशनचं, म्हणजे अमेरिकेच्या सागरी वाहतूक आयोगाचं, लायसन्स आहे का ते पाहावं. आयोगाच्या संकेतस्थळावर यादी आहे.

कोल्हापूर, सांगली, नाशिक किंवा गोव्याहून सामान निघत असेल तर न्हावा शेवापर्यंतचा ट्रक, वाटेतली दुसऱ्या गाडीतली उतरवाउतरव आणि त्या टप्प्याचा विमा भावात आहे का ते तपासावं. भांडी फुटतात ती बऱ्याचदा याच टप्प्यात.

पॅकिंग

स्थानिक शिफ्टिंगची खोकी चालत नाहीत. पाच किंवा सात पदरी नवं खोकं हवं, कारण त्याच्यावर दोन-अडीच महिने दुसरी खोकी बसणार असतात. काचसामानाला प्रत्येक नग कागदात, ताटल्या उभ्या, खोक्याच्या तळाशी आणि वर पाच-सात सेंमी चुरगळलेला कागद. खोकं हलवल्यावर आतून आवाज यायला नको.

सर्वांत मोठा शत्रू ओल. रात्रीच्या गारव्यात कंटेनरच्या छतावर वाफ जमते आणि खाली ठिबकते. पावसाळ्यात पॅकिंग असेल तर कपडे एक दिवस पंख्याखाली ठेवून मग भरावेत, गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, पैठण्या सुती कापडात आणि मग पिशवीत. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या साडीला लागते, कोरा कागद घ्यावा.

लाकडी पेटी किंवा पॅलेट वापरलं तर त्यावर ‘आयपीपीसी’ या वनस्पती-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा ठसा हवाच: गव्हाच्या कणसाचं चिन्ह, भारताचं चिन्हाक्षर, परवाना क्रमांक आणि प्रक्रियेचं चिन्ह. ही प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं, किंवा धुरी. ठसा नसलेलं लाकूड अमेरिकेतून परत पाठवायला लावतात, आणि तो खर्च मालकाचा. ओळखीच्या सुताराकडून देव्हाऱ्याची पेटी करून घेताना हे हमखास विसरलं जातं. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून पेटी सगळी प्लायवूडची केली तर प्रश्नच उरत नाही. फक्त कडेच्या पट्ट्या साध्या लाकडाच्या नसाव्यात.

यादी कशी लिहायची

प्रत्येक खोक्याला क्रमांक, तीन बाजूंना. यादी इंग्रजीत, खोक्यानुसार, आणि प्रत्येक ओळीत वस्तू, नग, वापरलेली की नवी, अंदाजे किंमत. ‘किचन सामान’, ‘पूजा आयटम्स’, ‘मिस्लेनियस’ असले शब्द तपासणीला आमंत्रण देतात. तपासनीसाला ताम्हन म्हणजे काय हे कळणार नाही. तिथं पितळेची पूजेची थाळी असं लिहावं. पुरणयंत्राला हातानं फिरवायचं स्टीलचं गाळण यंत्र, सोऱ्याला पितळेचं शेव पाडायचं साधन. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा ब्रँड, मॉडेल आणि सिरियल नंबर.

पॅकिंग मूव्हरनं केलं की तुम्ही, हेही यादीत येतं. स्वतः बांधलेल्या खोक्याकडे कस्टम्स जास्त संशयानं पाहतं आणि विमा कंपनी जास्त कंजुषीनं. मूव्हरच्या माणसांनी भरताना प्रत्येक खोक्याचा उघडा फोटो घ्यावा. दुसऱ्या कुणाचं पाकीट, ‘तिथल्या मुलीला एवढा डबा द्या’ म्हणून आलेलं, आपल्या शिपमेंटमध्ये घालू नये. अर्जावर सही तुमची असते.

इकडचे कागद

वैयक्तिक घरसामान निर्यात करायला आयात-निर्यात परवाना क्रमांक लागत नाही. मूव्हर आपल्या लायसन्सधारक कस्टम्स एजंटामार्फत माल उरण-पनवेल भागातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनवर (कंटेनर भरायच्या वखारीत) नेतो, तिथं कस्टम्सची घोषणा होते आणि गरज पडल्यास खोकी उघडली जातात. तुमच्याकडून मागतात: पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, तिकीट, पॅन आणि आधार, यादी, एजंटाला दिलेलं अधिकारपत्र, कधी कधी नोकरीचं पत्र. मूळ पासपोर्ट दाखवायला लागेल का हे एजंटाला आधीच विचारावं. लागत असेल तर सामान तुम्ही निघण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी बाहेर पडलं पाहिजे.

तिकडचे कागद

अमेरिकेचं काम जहाज सुटण्याआधीच सुरू होतं. ‘इम्पोर्टर सिक्युरिटी फायलिंग’, बोलण्यात आयएसएफ किंवा ‘टेन प्लस टू’, माल अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी दाखल व्हावं लागतं. ते घरसामानालाही लागू आहे. उशीर किंवा चूक झाली तर दंड ५,००० डॉलरपर्यंत. हे काम तिकडचा एजंट करतो, पण त्याला माहिती तुमच्याकडून जाते. दाखल झाल्याची पोच मागून घ्यावी.

मुख्य कागद म्हणजे अमेरिकी कस्टम्सचा (सीबीपी) फॉर्म ३२९९, सोबत न नेलेल्या वस्तूंच्या ड्यूटीमाफीची घोषणा. त्यात अमेरिकेत आल्याची तारीख, बंदर, विमान, सोबतचे कुटुंबीय, तिथला पत्ता आणि सामानाचं वर्गीकरण द्यायचं असतं: वर्षभर वापरलेलं घरसामान, वैयक्तिक कपडेलत्ते, ड्यूटी लागणाऱ्या वस्तू. त्याला जोडून पुरवणी घोषणापत्र असतं. त्यात पासपोर्ट, नोकरी देणारी कंपनी, पॅकिंग कुणी केलं अशी माहिती विचारतात. एजंटाला काम करायला फॉर्म ५२९१ नं मुखत्यारपत्र द्यावं लागतं. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत, इंग्रजी यादी आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल दिल्याची पावती. आय-९४ तुम्ही तिथं उतरल्यावरच तयार होतं आणि संकेतस्थळावरून घेता येतं. म्हणून सामान जहाजानं आधी पोहोचलं आणि तुम्ही अजून पुण्यातच असाल, तर सगळं थांबतं. माणसं आधी, सामान नंतर.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. पासपोर्टवर आडनाव, नाव, मधलं नाव. तिकिटावर मधलं नाव गळलेलं. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव. मूव्हरच्या बिलावर भलतंच स्पेलिंग. बिल ऑफ लेडिंग, आयएसएफ आणि ३२९९ या तिन्हींवर माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, असावं. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मूव्हर मंजुरीसाठी पाठवतो. तो वाचल्याशिवाय हो म्हणू नये. जहाज सुटल्यावर दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

बंदरात पोहोचल्यावर

लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात दहा-चौदा दिवस वाढतात. आपलं जहाज कोणत्या मार्गानं जाणार ते बुकिंगच्या वेळी विचारावं. किनाऱ्यापासून दूर, आतल्या शहरांसाठी रेल्वेचा टप्पा वेगळा. घर ते घर आठ ते बारा आठवडे धरावेत. त्यामुळे तिथल्या पहिल्या दोन महिन्यांचे कपडे, औषधं आणि स्वयंपाकाची किमान भांडी विमानातच हवीत.

कस्टम्स कधी नुसता एक्स-रे घेतं, कधी कंटेनरचं दार उघडून पाहतं, कधी सगळी खोकी बाहेर काढतं. निवड कोणाची होते हे कुणी सांगत नाही. तपासणीचा आणि हाताळणीचा खर्च मालवाल्यांचा. एलसीएलमध्ये तो सगळ्यांत वाटला जातो. यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

माल उतरल्यापासून १५ दिवसांत कागद पूर्ण झाले नाहीत तर तो ‘जनरल ऑर्डर’ वखारीत जातो, आणि तिथलं भाडं वेगानं चढतं. सहा महिने कुणी सोडवला नाही तर लिलाव होतो. म्हणून जहाज बंदराला लागण्याच्या आठवडाभर आधी एजंटाला फोन करून कुठला कागद बाकी आहे हे एकेक करून विचारावं. एजंटाचा ईमेल स्पॅममध्ये पडला आणि वखारीचं भाडं चढत गेलं, हा प्रकार वारंवार होतो.

विमा आणि ताबा

जहाज कंपनीची जबाबदारी अमेरिकेच्या कायद्यानुसार प्रत्येक नगामागे ५०० डॉलरपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही तिची चूक ठरली तर. विमा वेगळा घ्यावा, आणि तो ‘ऑल रिस्क’. ‘टोटल लॉस’ विम्यात सगळं शिपमेंट बुडालं तरच पैसे मिळतात. देव्हाऱ्याचा कळस तुटला तर काही नाही. स्वतः बांधलेल्या खोक्यांना बहुतेक पॉलिसी फक्त टोटल लॉसचंच संरक्षण देतात. किंमत लिहायची ती अमेरिकेत तशीच वस्तू घ्यायला लागेल ती. हप्ता वाचवायला निम्मी किंमत लिहिली तर नुकसानभरपाईही निम्मीच होते, कारण कमी विमा उतरवल्यास दावा त्याच प्रमाणात कापतात. पॉलिसीत ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ आहे ना ते पाहावं: जहाज संकटात सापडून ते वाचवण्याचा खर्च झाला तर सगळ्या मालवाल्यांकडून वर्गणी घेतली जाते, तुमची खोकी सुखरूप असली तरी.

ट्रक दारात आला की यादी हातात घेऊन एकेका क्रमांकावर खूण करावी. खोकं चेपलेलं, ओलं किंवा दुसऱ्या टेपनं बंद केलेलं दिसलं तर ड्रायव्हरच्या पावतीवर तसं लिहूनच सही करावी. ‘सगळं ठीक’ अशी सही झाली की दावा कमकुवत होतो. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना वाहतूकदाराला तीन दिवसांत द्यायची असते. त्याच्यावर दावा लावायची मुदत एक वर्षाची. विमा कंपनीची मुदत पॉलिसीत वेगळी असते आणि ती बरीच लहान असू शकते. म्हणून काचसामान, देव्हारा आणि वाद्यांची खोकी पहिल्याच दिवशी उघडावीत, बाकीची नंतर. फुटलेली वस्तू आणि तिचं खोकं सर्वेक्षण होईपर्यंत टाकू नये.

यादी, ३२९९ ची प्रत, बिल ऑफ लेडिंग आणि भारतातल्या घोषणेची प्रत स्कॅन करून जपून ठेवावी. काही वर्षांनी हेच सामान घेऊन परतायचं झालं तर कुठली भांडी आणि कुठली वाद्यं इथूनच गेली होती, हे भारतीय कस्टम्सला दाखवायला या कागदांचा आधार होतो.